हजरत बेराचं पोतं

मुळ्याचा वास मला आजही सोसत नाही. सून कधी हौसेने मुळ्याचे पराठे करते तेव्हा मी गॅलरीत जाऊन बसते आणि तिथून खिडक्या उघडा म्हणून ओरडत राहते. लोकांना वाटतं, म्हातारी जैन घरातली, जमीनकंद चालत नसेल. तसं काही नाही. बटाटा मी चवीने खाते, आणि कांद्याबद्दल कुणी विचारू नये. मुळ्याचं कारण वेगळं आहे. ते सांगायचं तर जळगावच्या बाजारातल्या आमच्या दुकानात आणि त्याच्या मागच्या घरात तुम्हाला घेऊन जावं लागेल, आणि तिथला वास काही चांगला नव्हता.

दुकान काष्ठौषधींचं. हिरडा, बेहडा, पिंपळी, सुंठ, डिंक, हिंग, सापाची कात, मोरपिसांची राख, सगळं एकाच छपराखाली. आमचे पूर्वज मारवाडातून कधीतरी इकडे आले आणि कापसाच्या दिवसांत जिनिंग गिरण्यांचे भोंगे ऐकत इथलेच होऊन गेले. घरात आम्ही मारवाडी बोलत असू, गिऱ्हाइकाशी अहिराणी आणि शाळेत पुस्तकी मराठी. इथे मी सगळं मराठीतच लिहिते आहे, गिऱ्हाइकं तेवढी त्यांच्या बोलीत बोलतील. वडिलांना आम्ही भाईजी म्हणत असू. आई मी लहान असतानाच गेली होती आणि मला वाढवलं ते भुआने. भुआ म्हणजे वडिलांची थोरली बहीण, ऐन तारुण्यात विधवा होऊन माहेरी परतलेली. उंच, हडकुळी, पांढऱ्या लुगड्यातली, आणि बोलायला लागली की समोरच्याच्या डोळ्यांत बघून बोलणारी. भाईजी तिच्याशी बोलताना नेहमी दुसरीकडे बघत.

आमच्या घरात निवडणं हा एक धर्मच होता. गहू निवडायचे, डाळ निवडायची, मिरी निवडायची, पाणी गाळायचं आणि गाळून झाल्यावर गरणं, म्हणजे गाळायचं फडकं, पुन्हा त्याच विहिरीच्या पाण्यात हलक्या हाताने बुडवायचं, म्हणजे त्यात अडकलेला जीव आपल्या घरी परत जाईल. दुकानात येणारं प्रत्येक पोतं आधी मागच्या पडवीत रिकामं व्हायचं. भुआ आणि मी सुपं घेऊन बसायचो. सोंडा सापडला, अळी सापडली, तर ती पिंपळाच्या पानावर घ्यायची आणि कुंपणापाशी सावलीत सोडून यायची. दुपारी जळगावचं ऊन असं की अंगणात पाय टेकवत नाही, तरी भुआ अनवाणी जायची आणि त्या किड्याला सावली मिळाली की नाही हे वाकून बघून यायची. हसू नका. ती हे करायची तेव्हा मला तिचा अभिमान वाटायचा आणि अजूनही वाटतो.

वर्षातून एकदा मुंबईहून हजरत बेराचं पोतं यायचं. मुतखड्यावरचं औषध. नावाला बेर, म्हणजे बोर, पण असायचा तो दगड. बोराएवढा, वरून बारीक रेघा असलेला, करडा, एका टोकाला देठ असल्यासारखा. कच्छातून येतो म्हणायचे, कुणी अरबस्तानातून म्हणायचे. तोही आम्ही निवडायचो, कारण पोत्यात गोदामातले भुंगे आणि कोळी शिरलेले असायचे. निवडून झालेले दगड मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये सुपडूकडे जायचे. सुपडू आमचा नोकर. तो ते मोठ्या खलात कुटायचा आणि मग मुळ्याच्या रसात घोटायचा. घरात मुळा वर्ज्य, म्हणून शेड. शेडमधला मुळा हा मुळा नव्हे, ते औषध, असं भाईजींनी ठरवून टाकलं होतं. त्या खलाची घर्र घर्र दिवसभर चालायची. हिरवट पांढरा लगदा, त्याच्या पत्र्यावर थापलेल्या टिकल्या, उन्हात आंबलेला तो रस आणि त्यावर बसणाऱ्या माशा. जेवायला बसलं की कढीला मुळ्याचा वास, गट्ट्याच्या भाजीला मुळ्याचा वास, माझ्या केसांनासुद्धा. टिकल्या शेणीत भाजल्या की भस्म तयार व्हायचं, आणि भाईजी त्यांच्या पुड्या बांधायचे.

भुआला मुतखडा होता. कळ आली की ती दाराची चौकट धरून उभी राहायची, पदर दातांत धरायची आणि आवाज काढायची नाही. भाईजी तिला रोज सकाळी कुळथाच्या पाण्यातून भस्म द्यायचे. ती ते एका घोटात घ्यायची आणि नंतर बराच वेळ दातांखाली करकर करत राहायची. ती करकर ऐकली की माझ्या अंगावर काटा यायचा. आणि तिकडे दुकानात भाईजी दातात लवंग फिरवत प्रत्येक गिऱ्हाइकाला एकच वाक्य ऐकवायचे, "माझी सख्खी बहीण हेच घेते." भाईजींच्या भस्माला जळगावापासून पार अमळनेर-धुळ्यापर्यंत नाव होतं ते या एका वाक्याच्या जोरावर.

त्या पोत्यात सगळीच बोरं नसत. काही चकत्या निघत, डाळीएवढ्या, मधोमध भोक आणि कडेला बारीक दाते असलेल्या. काही चांदण्या निघत, पाच कोनांच्या, आणि त्यांच्या तोंडावर पाच पाकळ्या इतक्या नेटक्या कोरलेल्या की सोनाराने लाजावं. भाईजींना त्या नको असत, गिऱ्हाईक म्हणे बोरच मागतं. म्हणून त्या बाजूला पडायच्या आणि मी त्या गोळा करायचे. हा माझा छंद. इतर मुली सागरगोटे जमवायच्या, मी चांदण्या. आमच्या भागात जमीन सगळी काळ्या कातळाची आणि काळ्या मातीची, तिथे उभ्या जन्मात असा दगड सापडायचा नाही. मी मात्र सावलीत बसून, सुपातून, अरबी समुद्रापलीकडचे दगड वेचत होते.

त्यांची परीक्षा करायलाही मी शिकले. लिंबाचा थेंब टाकला की चकतीवर बारीक फेस यायचा, अंगणातल्या दगडावर यायचा नाही. चकती फोडली तर ती कशीही फुटत नसे, तिरकी आणि सपाट फुटायची आणि फुटलेली बाजू खडीसाखरेसारखी चमकायची. काही चकत्या एकीवर एक चिकटलेल्या, दांडीच्या दांडी. चकतीचे दाते दुसरीच्या खाचेत बरोबर बसतात हे कळलं त्या दिवशी मला जेवण सुचलं नाही. म्हणजे या सुट्या गोष्टी नव्हत्याच, कशाचा तरी देठ होता. कशाचा, ते मला हवं होतं. आणि मग एका वर्षी पोत्याच्या तळाशी ते निघालं. जास्वंदीच्या मिटल्या कळीएवढं, खाली देठाचा तुकडा, वर पेला, आणि पेल्यातून निघून एकमेकींना चिकटलेल्या बारीक सांध्यांच्या पाकळ्या. भुआसुद्धा सूप खाली ठेवून बघत राहिली. "देवाने दगडाचं फूल केलं गं," ती म्हणाली.

शाळेत आम्हाला लेलेबाई होत्या. पुण्याच्या, खादी नेसणाऱ्या, एकट्या राहणाऱ्या, म्हणून गावाने त्यांच्याबद्दल जे बोलायचं ते बोलून घेतलं होतं. त्यांच्या वडिलांकडून आलेला एक जाडजूड इंग्रजी ग्रंथ त्यांच्याकडे होता, चित्रांचा. मी रुमालात बांधून माझा ऐवज घेऊन गेले. बाईंनी बराच वेळ पानं उलटली आणि एका चित्रावर बोट ठेवलं. तीच कळी, तोच देठ, त्याच चांदण्या. खालचं नाव वाचून त्या म्हणाल्या, "समुद्रातली लिली म्हणतात याला. लाखो वर्षांपूर्वीची, दगड झालेली." घंटा झाली म्हणून पुढचं वाचायचं राहिलं. बाई म्हणाल्या, रविवारी ये, सावकाश वाचू.

रविवारपर्यंत थांबते कोण! मी पळत घरी आले आणि जो भेटेल त्याला सांगितलं की हे समुद्राचं फूल आहे. भुआने कळी कपाळाला लावली. भाईजींनी ती माझ्या हातातून घेतली, उजेडात धरली, आणि लवंग फिरायची थांबली. मला वाटलं, आज पहिल्यांदा यांना माझं काही आवडलं. त्यांनी मला कळीचं चित्र काढायला सांगितलं. मी जीव ओतून काढलं, प्रत्येक सांधा मोजून. दोन दिवसांनी ते चित्र छापखान्यात होतं. "समुद्रपुष्प भस्म. शुद्ध वनस्पतिज." वर माझी कळी, तिच्या मागून सूर्याचे किरण निघालेले, ते छापखानेवाल्याने आपल्या मनाने घातले. कळी स्वतः काचेच्या वाटीत गल्ल्याशेजारी जाऊन बसली. भाईजी गिऱ्हाइकाला म्हणायचे, "हे बघा, फूल. दगड नाही. आणि माझी सख्खी बहीण हेच घेते."

रविवारी बाईंनी पुढचं वाचलं. वाचता वाचता त्या थबकल्या आणि माझ्याकडे बघितलं. "अगं, हे फूल नाही," त्या म्हणाल्या. "नावच तेवढं फुलाचं. हा प्राणी आहे. हे हात आहेत, पाकळ्या नव्हेत. हातांनी पाण्यातले बारीक जीव धरून तोंडाकडे नेतो." मग आणखी एक ओळ वाचून त्यांचा चेहरा लाल झाला. तोंड वरच्या बाजूला असतं आणि मलविसर्जनाची जागाही त्याच्या शेजारीच असते, असं लिहिलं होतं. मी विचारलं, "आणि बोरं? रेघांची?" बाईंनी आणखी पानं उलटली. तो दुसऱ्याच एका समुद्रातल्या प्राण्याचा काटा निघाला. म्हणजे अख्खं पोतंच प्राण्यांचं.

बाईंच्या पायरीवर बसून मला जी शिसारी आली तशी आयुष्यात पुन्हा आली नाही. माझ्या डोळ्यांसमोर भुआ होती, पिंपळाच्या पानावर एक भुंगा तोलून धरत उन्हातून चाललेली. पोतंभर प्राणी पुढ्यात ओतून आम्ही त्यातून एक-एक किडा वाचवत बसलो होतो. राहिलेले कुटत होतो, मुळ्याच्या रसात घोटत होतो आणि तिला पाजत होतो. ती करकर मला पुन्हा ऐकू आली आणि मी बाईंच्या तुळशीपाशी ओकले. बाई म्हणत राहिल्या, "अगं वेडे, लाखो वर्षं झाली, आता दगड आहे तो." ते मलाही कळत होतं. पण बाई लेले असूनही मासे खात असत, त्यांना काय कळणार?

भाईजींना मी दुकानात एकटं गाठून सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग पहिला प्रश्न, "आणखी कुणाला सांगितलंस?" मी म्हटलं, कुणालाच नाही. "मग सांगू नकोस. पुड्या छापून झाल्यात." मी म्हटलं, पण भुआ रोज घेते. तर म्हणाले, "मेलेल्याला काय मारायचं? दगडाला दोष कसला? आणि तिने औषध सोडलं, कळ येऊन मेली, तर ते पाप तुझ्या माथी." त्या क्षणी मला ते पटलं. खरंच पटलं. मी गप्प बसायचं ठरवून मागे गेले.

पण भाईजीही ते भस्म घेत असत. लघवीला जळजळ होते म्हणून, रोज सकाळी, भुआच्याच शेजारी पाटावर बसून. दुसऱ्या दिवशी सकाळी मी चुलीपाशी होते. भाईजींनी दोन्ही वाट्या कालवल्या. भुआची तिच्या हातात दिली आणि "घे, बाई," म्हणाले, अगदी मायेने. आपली उचलली, तोंडापर्यंत नेली आणि भुआ डोळे मिटून घोट घेत असताना मोरीत ओतली. वर तांब्याभर पाणी टाकलं. मग रिकामी वाटी खाली ठेवून ओठ पुसले. औषध प्यायल्यावर पुसावेत तसे पुसले हो! कोरडे ओठ!

आज मी स्वतः आजी झाले आहे, माणसं पुष्कळ बघितली, लबाड बघितली, चोर बघितले, एक-दोघांना जेवूही घातलं. पण असे कोरडे ओठ पुसणारं दुसरं कुणी भेटलं नाही. दगडाला दोष नसतो असं त्यांना खरंच वाटत असतं तर त्यांनी ते प्यायलं असतं. त्यांना दोष दिसत होता. आपल्यापुरता त्यांनी टाळला होता, आणि बहिणीचा तिच्या घशाखाली उतरू दिला होता, कारण ती प्यायची थांबली तर दुकानातलं ते वाक्य बंद पडलं असतं. मुळ्याचा वास तेव्हा मोरीतून येत होता.

मी भुआला त्याच दुपारी सांगितलं. ती दाणे निवडत होती. सगळं ऐकून तिने एवढंच विचारलं, "तोंड होतं त्याला?"

"होतं."

"खायचं?"

"खायचं. हातांनी धरून."

तिने सूप बाजूला ठेवलं. मला वाटलं होतं ती रडेल, किंवा मला ओरडेल की फूल म्हणून का सांगितलंस. तिने डबा मागवला, माझ्या चांदण्यांचा. एक-एक चांदणी तळहातावर घेऊन बघितली, हात जोडले आणि पुटपुटली, "मिच्छामि दुक्कडं." संवत्सरीला आम्ही माणसांची क्षमा मागतो त्याच शब्दांत तिने दगडांची मागितली. मग विचारलं, "तुझे भाईजी काय म्हणाले?" मी सांगायचं नाही असं ठरवलं होतं, पण तिच्या डोळ्यांपुढे मला खोटं कधीच जमलं नाही. पुड्यांचं सांगितलं, मोरीचंही सांगितलं. मोरीचं ऐकून ती हसली. थोडंसंच, पण त्या हसण्यानंतर मला तिची भीती वाटली.

भुआ दुकानात कधी जात नसे. विधवा बाईने गल्ल्यासमोर उभं राहायचं नाही, हा तिच्या सासरचा आणि माहेरचा सारखा नियम. त्या दुपारी ती पदर सारखा करून मधल्या दाराने सरळ दुकानात गेली आणि मी मागोमाग. बाजाराचा दिवस होता. अमळनेरकडच्या कुठल्याशा गावाहून आलेली एक शेतकरीण पुढ्यात उभी होती, डोक्यावर केळीच्या पानात बांधलेलं काहीतरी, हातात माझ्या चित्राची पुडी. ती म्हणत होती, "शेठ, मना मालकले मुतखडाना लई तरास शे. रातभर गडबडा लोळस." आणि भाईजी म्हणत होते, "घेऊन जा निश्चिंत. शुद्ध फूल आहे. माझी सख्खी बहीण..."

"मीच ती," भुआ म्हणाली.

भाईजींच्या तोंडातली लवंग थांबली. "तू आत जा," ते दबक्या आवाजात म्हणाले. "लोक बघतायत."

"बघू दे." भुआ त्या बाईकडे वळली. "बाई, हे फूल नाही. जीव आहे. समुद्रातला प्राणी आहे, त्याला तोंड होतं. तुला चालत असेल तर घे, पण माहीत असून घे."

भाईजी उठून उभे राहिले होते. मला वाटलं, आता ही बाई पुडी फेकून देईल, ओरडेल, बाजार गोळा होईल. मी वाट बघत होते त्याची. बाई मात्र भुआकडे जराशी नवलाने बघून हसली. "आक्का, आम्ही मासा बी खातस, बोकड्या बी खातस. तो दगडना जीव माले काय करनार?" भाईजी झटकन म्हणाले, "बघ! ऐकलंस?" आणि खाली बसले. त्यांचा चेहरा एकदम मोकळा झाला. मला त्या बाईचाही संताप आला. एवढी शिसारीची गोष्ट, आणि हिला तिचं काहीच नाही.

पण बाईचं बोलणं संपलं नव्हतं. तिने पुडी हातात वरखाली केली आणि भुआला विचारलं, "तुमी रोज लेतस ना हाई? मंग तेवढं सांगा, आक्का. तुमले गुन उना का?"

गुण आला का, हा प्रश्न इतक्या दिवसांत आमच्या घरात कुणीच विचारला नव्हता. मी जिवाच्या गोष्टीने पेटले होते, भाईजी पुड्यांच्या. भस्म सुरू झाल्यापासून भुआ चौकट धरून किती वेळा उभी राहिली ते आम्हा दोघांनाही माहीत होतं, आणि दोघांनीही ते त्या औषधाशी कधी जोडलं नव्हतं. भाईजी तिच्याकडे बघत होते. बहिणीच्या डोळ्यांत त्यांनी इतका वेळ बघितलेलं मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं.

"नाही," भुआ म्हणाली. "माझा खडा जिथल्या तिथे आहे."

बाईने पुडी फळीवर ठेवली, पैशांची सोडलेली गाठ पुन्हा पदराला मारली आणि "बरं झायं सांगं, आक्का," म्हणून ती पायऱ्या उतरून गेली. भाईजी उगाच तराजूची पारडी पुसायला लागले. ओट्यावर आणखी तिघं-चौघं उभी होती, त्यांनी सगळं ऐकलं होतं आणि आता काय करावं ते त्यांना सुचत नव्हतं. भुआने पदर कपाळावर ओढून घेतला, पण आत गेली नाही. ती त्यांच्याकडे वळली.

"तुम्ही कशासाठी आलात?" तिने विचारलं.